आधी मीटर लावा, मग बॅटरी विका

नवी बॅटरी टाकली आणि पुढचे चार-सहा महिने गाडी सुरळीत चालली, म्हणजे जुनी बॅटरीच गेलेली होती, हा निष्कर्ष चुकीचा आहे. बंद गाडीत कुठेतरी करंट झिरपत असेल तर तो नव्या बॅटरीतूनही तेवढाच झिरपतो. फक्त नवीचा साठा भरलेला असतो म्हणून कळत नाही. लहान पेट्रोल गाडीतली बॅटरी साधारण 35 ॲम्पिअर-तासांची. किल्ली काढल्यावरही गाडी 300 मिलिॲम्पिअर खात असेल तर दिवसाला 7.2 ॲम्पिअर-तास जातात. रोज फिरणाऱ्या गाडीत हे दबून राहतं. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी काढायला जा, साठ तासांत निम्मी बॅटरी उतरलेली असते. असं अर्धपोटी वारंवार राहिलं की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि चांगली बॅटरी खरोखरच खराब होते. मग ‘बघा, बॅटरीच गेली’ म्हणणारा पुन्हा खरा ठरतो, आणि तिसरी बॅटरी विकायला मोकळा होतो. माझे पैसे या चक्रात गेलेत म्हणून मी चिडून लिहितोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. चिडल्याने आकडे बदलत नाहीत.

कोल्हापूरजवळ उचगावच्या फाट्यापासून गांधीनगरपर्यंत आणि पलीकडे महामार्गाच्या कडेला गॅरेजांना आणि बॅटरीच्या दुकानांना तोटा नाही. पण सेल्फ मारला की नुसती टिकटिक, अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘किल्ली काढल्यावर गाडी किती करंट घेते ते बघू’ असं म्हणणारा विरळा. बहुतेक ठिकाणी लोड टेस्टरचा चिमटा लावतात, काटा लाल पट्ट्यात गेला की निकाल जाहीर. उतरलेल्या बॅटरीचा काटा लाल पट्ट्यात जाणारच. ती पूर्ण चार्ज करून तपासली तरच त्या काट्याला अर्थ आहे, आणि तेवढ्यासाठी गाडी रात्रभर ठेवून घ्यायची कुणाची तयारी नसते. जुनी बॅटरी भंगाराच्या भावात वजा होऊन दुकानातच राहते. म्हणजे पुरावाही गेला. हे त्या शहराच्या वेशीवर चालतं, जिथल्या उद्यमनगरात कामगार मायक्रोमीटर लावल्याशिवाय लोखंडाला हात घालत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘गाडी उभी राहिली की बॅटरी उतरणारच.’ उतरते, पण किती दिवसांत? धडधाकट गाडीसुद्धा घड्याळ, लॉक, अलार्म आणि कंट्रोल युनिटच्या स्मृतीसाठी थोडा करंट घेते. 50 मिलिॲम्पिअरपर्यंत तो रास्त धरला जातो. 2020 च्या पहिल्या लॉकडाउनचा हिशेब करा. 25 मार्च ते 14 एप्रिल, एकवीस दिवस. 50 मिलिॲम्पिअर घेणाऱ्या गाडीचे त्यात 25 ॲम्पिअर-तास गेले, 20 घेणारीचे फक्त दहा. म्हणून एकाच पार्किंगमधली एक गाडी पहिल्या सेल्फला उठली आणि शेजारची उठली नाही, तरी दोन्हींत बिघाड नव्हता. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पुराचं पाणी आलं, तेव्हाही गाड्या कित्येक दिवस जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात चांगली बॅटरी बसू नये. आणि दोन रात्रींत जी बसते तिला ‘उभी होती’ हे कारण लागूच पडत नाही.

दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे: उचगावातून कोल्हापुरात जाऊन यायचं म्हणजे अंतर ते किती, तेवढ्यात बॅटरी भरतच नाही. खरं आहे. दिवे, एसी, वायपर चालू ठेवून गर्दीत दहा मिनिटं रेंगाळणारी गाडी सेल्फने खाल्लेलं जेमतेम परत करते. पण याचा निवाडा वाद घालून होत नाही, मोजून होतो. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, काही तास तशीच ठेवा आणि व्होल्ट बघा. 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग ती गाडीला जोडून रात्रभर उभी ठेवा. सकाळी 12.3 दिसले तर गाडी खाते आहे. बॅटरी सुटी ठेवूनही तेवढीच उतरली तर मात्र दोष तिचाच, आणि तेव्हा विकणाऱ्यावर माझा राग नाही. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळत नसतील तर चार्जिंगकडे बघा; काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता गळती शोधणं. मल्टिमीटर दहा ॲम्पिअरच्या भोकात लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडायचा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. बॉनेट आणि दरवाजाची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने मिटवून गाडीला आपण बंद आहोत असं वाटू द्यायचं, रिमोटची किल्ली लांब ठेवायची, आणि थांबायचं. हे थांबणंच सगळे टाळतात. किल्ली काढल्याबरोबर आताची गाडी काही ॲम्पिअरसुद्धा घेते; तिची युनिटं झोपायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. त्याआधीचा आकडा बघून ‘वायरिंग शॉर्ट आहे, पूर्ण बदलावं लागेल’ म्हणणारा माणूस नुसती बॅटरी विकणाऱ्यापेक्षा महागात पडतो. आकडा स्थिरावल्यावरही जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून तो कुठे पडतो ते बघतात. पण फ्यूज काढ-घाल केल्याने झोपलेलं युनिट जागं होतं. म्हणून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या धातूच्या टिंबांवर मिलिव्होल्ट मोजणं बरं: जिथे शून्य नाही, तिथून करंट वाहतो आहे.

संशयितांत पहिला नंबर बाहेरून बसवलेल्या सामानाचा. स्टिरिओची पिवळी वायर कायम करंटची आणि लाल किल्लीवरची. घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की सेट रात्रभर जागा. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, ट्रॅकर, रिमोट लॉक, ओबीडी सॉकेटमध्ये विसरलेला डोंगल, सगळे त्याच जातीचे. डिकीतला पाच वॅटचा दिवा विझलाच नाही तर दिवसाला दहा ॲम्पिअर-तास जातात. फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर अल्टरनेटरचा डायोड तपासा. त्याची जाड वायर डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही, म्हणून तो सापडत नाही. फास्टॅगवर मात्र आळ घेऊ नका. किणी टोलनाक्यावर वाचला जाणारा तो स्टिकर गाडीकडून कणभरही वीज घेत नाही. टर्मिनल स्वच्छ ठेवा, पावसाळ्यात बॅटरीचा माथा कोरडा पुसा, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो.

‘रात्री निगेटिव्ह काढून ठेवत जा’ हा सल्ला देणाऱ्याने दोष आहे हे कबूल केलेलं असतं, फक्त तो शोधायचा नसतो. गॅरेजवाल्यांची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. तास-दीड तास मीटर धरून बसलेल्याला आपण ‘काही बदललं तर नाही, मग पैसे कसले?’ असं विचारतो. बॅटरीवर कमिशन आहे, तपासणीवर नाही. मग तो बॅटरीच विकणार. तेव्हा तपासणीची मजुरी आधी ठरवा आणि कुरकुर न करता द्या. मात्र बिलावर एक आकडा लिहून मागा: किल्ली काढून, गाडी झोपल्यावर, किती मिलिॲम्पिअर. तो आकडा लिहून देत नाही त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.