पिवळीच्या आधी पांढरी

अगं मुक्ता, लियाँमध्ये राहून तू दर शुक्रवारी तीच ती बर्गंडीची वाइन उचलतेस आणि महिनाअखेरीला महाग पडते म्हणून कुरकुरतेस, हे काही मला पटत नाही. नाशिकच्या शेनिन ब्लांवर तयार झालेली तुझी जीभ. तिला जरा फिरायला ने की! बर्गंडीच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या अलीकडे एक चिंचोळा पट्टा आहे, ज्युरा. ज्युरासिक काळाला नाव मिळालं ते तिथल्याच डोंगरांवरून. दक्षिणोत्तर साधारण 80 किलोमीटर, आणि द्राक्षबागा जेमतेम 2000 हेक्टर. एकेकाळी 20,000 हेक्टरच्या आसपास होत्या. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड आली, आणि गेलेल्या बागांपैकी बहुतेक परत लागल्याच नाहीत. फ्रान्समधल्या दुकानांतही ज्युराला म्हणून एखादाच फळीचा कोपरा मिळतो.

आता एक गोष्ट कानात सांगते. ज्युराची कुठलीही पांढरी बाटली डोळे मिटून उचलू नकोस. एकाच गावात, एकाच द्राक्षाची, एकाच शेतकऱ्याची वाइन दोन अगदी वेगळ्या चवींची निघते. पिपात ठेवलेली वाइन लाकडातून थोडी थोडी उडून जाते. जगभर ती तूट वेळोवेळी भरून काढतात. तशी भरत ठेवलेली वाइन म्हणजे 'ऊये'. ही स्वच्छ, ताजी, जिभेवर चुरचुरणारी. पण ज्युरात काही पिपं मुद्दाम भरत नाहीत. वर मोकळी जागा राहते आणि वाइनवर यीस्टचा पातळ थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. ती 'सू व्वाल', म्हणजे पडद्याखालची. हिला अक्रोड, हिरवं सफरचंद, मसाले, ओला दगड असं काय काय लागतं. न सांगता कोणी पुढ्यात ठेवली तर बाटली बिघडलीय असं वाटून परत करशील.

तेव्हा लेबलवर आधी 'ऊये' शोध. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला सरळ विचार: 'ऊये की व्वाल?' एवढं विचारलंस की तो तुझ्याशी नीट बोलायला लागेल, बघ. 'त्रादिस्यों' असं लिहिलेलं असेल तर बहुधा पडद्याखालची समज.

सुरुवात शार्दोनेपासून कर. तेच बर्गंडीचं द्राक्ष, पण इथल्या निळ्या-करड्या चिकणमातीत वाढलेलं, त्यामुळे जरा खारट, जरा टोकदार. लेत्वाल नावाच्या छोट्या गावची मिळाली तर सोडू नकोस. तिथल्या मातीत चांदणीच्या आकाराचे बारीक जीवाश्म सापडतात. बाटली बर्गंडीच्या निम्म्या नावाचीही नसते, पण पोह्यांपासून माशांपर्यंत सगळ्याशी जमवून घेते. मैत्रिणी जमणार असतील तर क्रेमाँ घे, म्हणजे इथली फेसाळ. शॅम्पेनच्याच पद्धतीने बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, आणि भाव ऐकलास की शॅम्पेन विसरशील. मग सावान्यां. नावावरून सॉव्हिन्यों ब्लांशी गल्लत करू नकोस, दोघी पूर्ण वेगळ्या. सावान्यांचीही आधी ऊयेच पी: लिंबाची साल, पांढरी फुलं आणि चांगलीच आंबट धार.

हे सगळं अंगवळणी पडलं की मग 'व्हँ झोन', पिवळी वाइन. ही फक्त सावान्यांची. कापणीनंतरच्या सहाव्या वर्षीचा 15 डिसेंबर उजाडेपर्यंत ती बाटलीत भरता येत नाही, आणि त्यातले निदान 60 महिने पडद्याखाली काढावे लागतात. बाटली बुटकी, खांदे रुंद, 62 सेंटिलिटरची, नाव क्लाव्हलँ. एक लिटर वाइन पिपात ठेवली तर सहा वर्षांनी साधारण तेवढी उरते, असं तिथे सांगतात. भाव अर्थातच चढा.

पण खरी गंमत वासात आहे. ग्लास नाकाशी ने आणि घाई करू नकोस. फ्रेंच मंडळी 'करी, करी' म्हणतात. तुला मात्र डिंकाच्या लाडवांसाठी आई मेथी भाजायची ते आठवेल. हा काही माझ्या मनाचा खेळ नाही. मेथीदाण्याला जो वास असतो तो मुख्यतः सोटोलोन नावाच्या घटकाचा, आणि पडद्याखाली वर्षं काढलेल्या सावान्यांत तोच तयार होतो. पॅरिसच्या माणसाला हा वास शिकावा लागतो. आपलं नाक लहानपणीच शिकून बसलेलं. म्हणून मला वाटतं, व्हँ झोनला आपल्याइतका तयार गिऱ्हाईक कोणी नाही. ज्युरात ती मोरेल आळंबी घालून कोंबडीच्या मलईदार रश्श्यात पडते, आणि कोंते चीजबरोबर पितात. दीड-दोन वर्षं मुरलेलं कोंते घे. आणि माझं ऐकशील तर एकदा बेताच्या तिखटाच्या काजूच्या उसळीबरोबर पिऊन बघ. कांदालसणाचा जाळ मात्र नको, त्यापुढे ही बिचारी गप्प होते.

थंडगार कधी देऊ नकोस, 14-15 अंश पुरे. काही तास आधी उघडून ठेव. आणि एका बैठकीत संपवायची काय गरज? बूच लावून ठेवलीस तर काही आठवडे सहज टिकते. रोज रात्री घोटभर. शिवाय वय झालं तरी हिचं काही बिघडत नाही: 2018 मध्ये ज्युरातल्याच लों-ल-सोनिएला 1774 सालची एक बाटली 1,03,700 युरोंना लिलावात गेली.

सुटीत ज्युरातल्या आर्ब्वाला जा. लियाँहून रेल्वेने जाता येतं, गावाला छोटं स्टेशन आहे. लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला तो इथेच. दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' लिहितात ना, ती युक्ती त्याने आधी वाइन टिकवण्यासाठी काढली होती. त्याचं घर बघ, पण तासभराच्या वर नको. तो वेळ 1906 पासून चालू असलेल्या सहकारी वाइनरीत घालव. नामांकित लोकांच्या बाटल्यांमागे धावू नकोस. पुपियँ गावच्या पिएर ओव्हर्नवासारख्या वाइन करणाऱ्यांच्या बाटल्या आता संग्राहकांच्या हातात गेल्यात, आणि 2021 सारखं वर्ष आलं, एप्रिलच्या गोठवणाऱ्या थंडीने कोंब जळले, की उरलेल्यांचेही भाव वर जातात. सहकारीतली साधी बाटली काही कमी नसते. चाखायला बसलीस की तिथे आधी लाल देतात आणि पांढरी नंतर. गोंधळू नकोस, ज्युरात हीच रीत. सगळं गिळायचं नसतं, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनधास्त वापर. आईला फोनवर काय सांगायचं ते तुझं तू बघ.

आणि दिवाळीला येताना माझ्यासाठी शातो-शालों गावच्या पिवळीच्या बाटल्या आण. भारतात दोन लिटरपर्यंत दारू ड्युटीशिवाय आणता येते. साध्या बाटल्या त्यात दोनच बसतात, क्लाव्हलँ तीन.