धानाची रोगप्रतिकारशक्ती आणि प्रथिने तोडणारी विकरे

पूर्व विदर्भात ज्यांच्या घरी धान पिकते, त्यांना करपा समजावून सांगावा लागत नाही. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. लोंबीच्या मानेवर रोग आला की दाणा भरत नाही. या रोगाच्या बुरशीशी धान स्वतः कसे झुंजते, याचा शोध घेताना आपण प्रथिने तोडणाऱ्या विकरांपाशी पोहोचतो. आपल्या जठरातील पेप्सिन हे याच जातीचे.

नवल असे की, हे हत्यार दोन्ही पक्षांकडे आहे. बुरशी जी प्रथिने धानाच्या पेशीत सोडते, त्यांपैकी एकाची घडण जस्तयुक्त प्रथिनभंजक विकरासारखी आहे. धानात 'पाय-टा' हे जनुक असेल, तर त्याचे प्रथिन या घुसखोरास ओळखते आणि लागण झालेल्या पेशी स्वतःच मरून बुरशीची वाट अडवतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ९२८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात ९१८ व्या जागी अलानीन असेल तर धान तरते, सेरीन असेल तर करपते. एवढ्या लांब माळेत एका मण्याचे हे मोल!

धानाची पेशी नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावते. मग प्रोटिअसोम ही यंत्रणा ती तोडते. 'एसपीएल-११' हे अशी खूण लावणारे एक विकर. ते निकामी झालेल्या झाडाच्या पानांवर रोगाविनाही मृत पेशींचे डाग उमटतात. मात्र करपा व कडा करपा यांना ते अधिक तोंड देते. म्हणजे प्रतिकारालाही लगाम लागतो. येथे कोणास मध्यम मार्ग आठवला, तर आम्हांस ते वावगे वाटत नाही.

वाणनिर्मितीत एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे असते. बुरशीने आपले ते प्रथिन बदलले की 'पाय-टा' आंधळे ठरते. म्हणून पैदासकार अनेक जनुके एकत्र आणतात. जिवाणूजन्य कडा करप्याविरुद्ध हैदराबादच्या दोन संशोधन संस्थांनी तीन जनुके एकत्र करून 'सुधारित सांबा महसुरी' हा वाण घडविला. तो २००८ साली प्रसारित झाला. त्यांतील 'एक्सए-२१' हे जनुक आफ्रिकी रानधानातून आले. त्याचे प्रथिन पेशीत पुरेसे टिकण्यासाठी 'एक्सबी-३' हे खूण लावणारे आणखी एक विकर लागते. हा वाण जनुकीय खुणा पाहून संकरातून निवडलेला आहे, जनुकांतरित नव्हे. तो संकरित बियाणे नसून सरळ वाण असल्याने शेतकऱ्यास घरचेच बी पुढील हंगामासाठी राखून ठेवता येते.