आधी स्कोअरर, मग शिट्ट्या

अगं, रविवारी अंपायर म्हणून उभी राहणार आहेस ना, मग एक सांगते, फुगून बसू नकोस. परवा सरावाला तू चौकार दाखवलास आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी स्कोअरची वही घेऊन सीमारेषेबाहेर बसले होते. चौकार दिलास की केस सावरलेस, मला कळेना!

अंपायर बिली बाउडनचे व्हिडिओ मीही बघते. पण त्याचं ते वाकडं बोट आलं संधिवातातून. ताठ बोट वर करायला दुखायचं म्हणून. आपल्या पिलू रिपोर्टरची चौकाराची ढबही वेगळीच होती. पण 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत त्याला तटस्थ अंपायर म्हणून बोलावलं, ते त्याच्या निर्णयांवर भरवसा होता म्हणून. ढब काय, मागाहून लोकांना आवडते.

खांद्याच्या खुणांशी मात्र अजिबात खेळू नकोस. एक हात विरुद्ध खांद्यावर थोपटत राहिलीस, तर दंडाच्या 5 धावा फलंदाजी करणाऱ्यांना. तोच हात नुसता ठेवलास, तर क्षेत्ररक्षण करणाऱ्यांना. आणि कोपरातून हात दुमडून त्याच बाजूच्या खांद्याला बोटं टेकवलीस, तर धाव अपुरी. आता यात तुझी एखादी लकब घुसली तर मी वहीत काय लिहू? वर दोन्ही कप्तान माझ्याच डोक्यावर बसणार.

लेगबाय चौकारासाठी गेला, तर आधी गुडघा उचलून हात लाव, थांब, मी हात वर करते की नाही बघ, मग चौकार दे. नो-बॉल लगेच दिलास तरी चेंडू डेड झाल्यावर माझ्याकडे वळून पुन्हा दाखव. गोलंदाज धावत यायला उतावीळ असेल, तर असू दे. मी हात वर केल्याशिवाय पुढचा चेंडू नाही.

मुंबईची वृंदा राठी माहितीये ना? 2013 च्या महिला विश्वचषकात ती स्कोअरर होती, आणि 2023 च्या जानेवारीत रणजी सामन्यात अंपायर म्हणून उभी राहिली. म्हणून म्हणते, शनिवारी संध्याकाळी ये, माझ्या जागेवर बस, वही धर. मी खेळपट्टीवरून तुझा चौकार तुलाच करून दाखवते.

आणि हो, पांढरी टोपी आण. बाही मात्र सैल नको, वाइड देताना लोंबते.