नदीचा पालक कोण?

सोलापूरहून पुण्याच्या वाटेला लागले, की चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथून पुढे लांबोटीजवळ सीना नदीचे पात्र आडवे येते. कारखाना चालविणारी नोंदलेली कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' असते. तिला मालमत्ता धारण करता येते व न्यायालयात दावाही लावता येतो. सीनेला मात्र स्वतःच्या नावाने न्यायालयाची पायरी चढता येत नाही.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, नदीला वाचा नाही. मग तिला हक्क कसला? पण कंपनीला तरी वाचा कोठे आहे? तिचे संचालक तिच्या वतीने बोलतात. देवळातील मूर्तीसही आपली न्यायालये व्यक्ती मानतात; तिच्या नावे जमीन असू शकते व व्यवस्थापक ती सांभाळतो. अज्ञान बालकाचे हित त्याचा पालक पाहतो. मग नदीला पालक का नसावा?

असाच विचार १९७२ साली क्रिस्टोफर स्टोन या अमेरिकी कायदेपंडिताने मांडला. २००८ साली एक्वादोर देशाने निसर्गाचे हक्क राज्यघटनेत नमूद केले. न्यूझीलंडमधील माओरी लोक वांगानुई नदीस आपली पूर्वज मानतात. २०१७ साली तेथील संसदेने तिला कायदेशीर व्यक्तित्व दिले. तिच्या वतीने बोलावयास दोन पालक असतात; एक माओरींच्या बाजूने व दुसरा शासनाच्या बाजूने निवडलेला.

त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना व्यक्ती ठरविले. राज्य सरकारने अडचणी पुढे केल्या. नद्या अनेक राज्यांतून वाहतात. पुरात कोणाची हानी झाली, तर भरपाई कोणी द्यावी? जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

ही शंका क्षुल्लक नव्हे. सीना अहिल्यानगरकडून वाहत येऊन भीमेस मिळते. वरच्या गावाने पाणी अडविले, तर खालच्या गावाचे घसे कोरडे पडतात. अशा नदीचा पालक कोणत्या गावचा असावा?

या प्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. नद्यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे आपल्या राज्यघटनेत १९७६ पासून नमूद आहे. हक्क मिळेतो नदीने वाट पाहावी. कर्तव्याला मात्र वाट पाहण्याची सवलत नाही.

स्वाध्याय
१. नदीला वाचा नसल्याच्या आक्षेपाचे उत्तर लेखकाने कोणत्या उदाहरणांनी दिले आहे?
२. तुमच्या गावच्या नदीचा किंवा ओढ्याचा पालक म्हणून तुम्ही कोणते गाऱ्हाणे मांडाल? दहा ओळी लिहा.