आधी चिमण्या मोज

पोरी, पक्षी मोजणार म्हणालीस, फार बरं वाटलं. दुर्बिणीला एवढ्यात पैसे घालू नकोस. वही, पेन, घड्याळ पुरे. फोनवर ई-बर्ड घे, यादी त्यात भरायची.

जागा एकच धर. तुमच्या इमारतीची गच्चीसुद्धा चालेल. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटं उभी राहा आणि दिसलेला, ऐकू आलेला, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिही. नवखी माणसं इथेच चुकतात. खंड्या दिसला की हौसेने लिहितात आणि कावळा, पारवा गाळतात. शेवटी ॲप विचारतं, ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? तिथे मनापासून ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. तरच यादीत चिमणी नसण्याला अर्थ येतो: ती लिहायची राहिली नाही, दिसलीच नाही. चिमण्या संपल्या, असं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल आला, १५,५०० निरीक्षकांच्या नोंदींवरून. देशभर चिमणी साधारण टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत घटतेय, हे त्यातून कळलं. कुणीतरी रोजच्या चिमण्याही लिहिल्या, म्हणून कळलं.

आकडा टाळू नकोस. तारेवर साळुंक्यांची रांग असली, तर आधी दहा मोज, तेवढी लांबी डोळ्यांत धर आणि तशा किती बसतात ते बघ. ‘खूप’ लिहिण्यापेक्षा अंदाजाने ३५ लिहिलेलं कामाला येतं.

ओळखीचा मात्र अंदाज नको. मी एकदा आंब्यावरचा पक्षी शिक्रा म्हणून लिहिला. तसाच राखाडी, शेपटीवर तसेच पट्टे. दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवरून तो ‘पेर्ते व्हा’ ओरडला. पावशा होता! चोच बघितली असती तर कळलं असतं. शिक्र्याची आकडीसारखी वळलेली असते. त्याच दिवशी नोंद दुरुस्त केली. तूही चूक कळली की लगेच दुरुस्त कर.

फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नकोस. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि पिलांना भरवायचं सोडून तो धावून येतो. घरट्याचा पत्ताही कुणाला देऊ नकोस.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर मोजणी असते, तेव्हा इकडे ये. सकाळी सातला अंगणात बसू. माझी दुर्बीण पुसून ठेवते.