क्षारपड जमिनीचा भूमिगत निचरा : नळीभोवतालच्या वेष्टनाची निवड

दक्षिण महाराष्ट्रात पाटाचे पाणी आले आणि उसाचे मळे उभे राहिले. त्याच पाण्याच्या पाठोपाठ जमिनी पाणथळ व क्षारपड होण्याचा रोगही आला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला व पुढील काही दशकांतच त्याच्या खालच्या भागांत हा रोग दिसू लागला. कृष्णाकाठच्या व पंचगंगाकाठच्या वाळवे, मिरज, शिरोळ या तालुक्यांतही एके काळी भरघोस ऊस देणाऱ्या काळ्या जमिनींवर उन्हाळ्यात पांढरा थर फुललेला आढळतो. बांधावरून पाहणाऱ्यास ती जमीन पडीक वाटते. परंतु जिचा सातबारा हातात घेऊन एखादे कुटुंब दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाते, अशी ती जमीन असते.

पाणी गोडे असले म्हणजे क्षार साठणार नाहीत, ही समजूत बरोबर नाही. ज्या पाण्याची विद्युत्‌वाहकता ०.५ डेसीसायमन आहे, त्यास कोणीही चांगलेच पाणी म्हणेल. अशा पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटर पाणी दिले, तर त्याबरोबर हेक्टरी सुमारे ६.४ टन क्षार शेतात येतात. पीक पाणी घेते, क्षार मागे ठेवते. ते वाहून नेण्यास खाली वाट नसेल तर ते मुळांच्या थरात साठणारच. ऊस हे पीक क्षारांच्या बाबतीत नाजूक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता १.७ च्या पुढे गेली की प्रत्येक अंशास उत्पन्न शेकडा सहाच्या आसपास घटते.

यावरील खरा उपाय म्हणजे जमिनीखालून निचरा. उघडे चर खोदूनही पाणी निघते; परंतु चरांत जमीन जाते, गवत माजते व काळ्या मातीचे काठ दर पावसाळ्यात ढासळतात. म्हणून १ ते १.२५ मीटर खोलीवर ८० मिलिमीटर व्यासाच्या, छिद्रे असलेल्या, वळ्यावळ्यांच्या पीव्हीसी नळ्या पुरतात आणि त्या मोठ्या मुख्य नळीस जोडून पाणी ओढ्यात सोडतात. दोन नळ्यांतील अंतर मातीतून पाणी किती वेगाने वाहते यावर ठरते. कर्नाल येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने हरियाणाच्या हलक्या जमिनींत या पद्धतीचे पुष्कळ काम केले आहे. तेथे ५० ते ७५ मीटर अंतरही चालते. येथील भारी काळ्या जमिनीत तेच अंतर धरल्यास दोन नळ्यांच्या मधला पट्टा पाणथळच राहतो. येथे २० ते ३० मीटरपर्यंत यावे लागते. २५ मीटर अंतर धरले तर एकरास सुमारे १६० मीटर नळी लागते.

नळीच्या लांबीचा व व्यासाचा हिशेब बहुतेक शेतकरी बारकाईने पाहतात. नळीवर जे कापड गुंडाळावयाचे, त्याकडे मात्र किरकोळ खर्चाची बाब म्हणून पाहिले जाते. पुष्कळ ठिकाणी निचरा फसतो तो याच जागी. जमिनीखाली गेलेली नळी दिसत नाही. ती गाळाने भरली हे कळेपर्यंत ऊस पिवळा पडलेला असतो आणि ती मोकळी करावयाची म्हणजे चर पुन्हा खोदावयाचा.

वेष्टन कशासाठी?

नळीकडे वाहणारे पाणी मातीचे बारीक कण बरोबर घेऊन येते. सर्वांत उपद्रवी कण म्हणजे बारीक वाळूचे व जाड पोयट्याचे, सुमारे ५० ते १५० मायक्रॉन आकाराचे. ते वाहण्याइतके हलके असतात आणि एकमेकांस धरून राहत नाहीत. वेष्टनाने हे कण अडवावेत, परंतु पाणी अडवू नये. ही दोन कामे परस्परविरोधी आहेत आणि म्हणूनच निवडीस महत्त्व आहे. फार विरळ कापडातून गाळ नळीत उतरतो. फार दाट कापडावर चिकण कणांचा लेप बसून पाणी बाहेरच थांबते. दाट ते चांगले, असा जो समज रूढ आहे तो टाकून द्यावा.

ज्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण शेकडा ३० ते ४० पेक्षा अधिक आहे आणि सोडियम कमी आहे, तेथे कण आपोआपच एकमेकांस घट्ट धरून असतात व वेष्टनावाचूनही नळी टिकू शकते. एवढ्यावरून काळ्या जमिनीस वेष्टन नकोच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. जमीन चोपण असेल, म्हणजे विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ पेक्षा जास्त असेल, तर चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होतात व दुधासारखे पसरतात.

येथे एक फसवी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जमिनीत क्षार आणि सोडियम हे दोन्ही जास्त असतात, तेव्हा ते क्षारच चिकणमातीस एकत्र बांधून ठेवतात. नळ्या टाकताना माती रवाळ दिसते, पहिल्या वर्षी पाणी स्वच्छ येते आणि सर्वांस समाधान वाटते. पुढे पावसाने व निचऱ्याने क्षार धुऊन गेले की मागे राहिलेला सोडियम आपला गुण दाखवितो. माती विस्कटते, भेगा बुजतात व नळी चोंदते. तेव्हा वेष्टन आजच्या मातीसाठी निवडावयाचे नसून, क्षार निघून गेल्यावर दोन-तीन वर्षांनी ती जशी होईल, तिच्यासाठी निवडावयाचे असते.

याची परीक्षा घरीही करता येते. नळीच्या खोलीवरील मातीचे सुके ढेकूळ काचेच्या भांड्यात पावसाच्या साठविलेल्या पाण्यात अलगद ठेवावे व रात्रभर हलवू नये. सकाळी ढेकूळ फुटलेले पण पाणी नितळ असेल, तर भीती कमी. पाणी गढूळ, दुधाळ झाले असेल, तर जमीन चोपणाकडे झुकलेली आहे. विहिरीचे पाणी या कामी घेऊ नये. त्यातील क्षार मातीस सांभाळून घेतात व परीक्षा खोटी ठरते. अर्थात ही केवळ प्राथमिक खूण होय. प्रयोगशाळेत सामू, वाहकता, विनिमयक्षम सोडियम व कणांचे आकारमान यांची तपासणी झाल्यावाचून नळी विकत घेऊ नये.

कोणते वेष्टन घ्यावे?

खडी व जाड वाळू यांचे मिश्रण हे जुने व खात्रीचे वेष्टन आहे. ते नळीच्या सर्व बाजूंनी ७.५ ते १० सेंटिमीटर जाड असावे. केवळ खडी टाकल्यास तिच्या पोकळ्यांतून गाळ सरळ आत जातो. तथापि वाहतुकीचा खर्च मोठा व ओल्या शेतात गाड्या नेणे अवघड, म्हणून आता कृत्रिम धाग्यांचे वेष्टन अधिक वापरले जाते.

कापडाची छिद्रे मातीच्या कणांशी जुळवून घ्यावी लागतात. मातीतील शंभरांपैकी ९० भाग कण ज्या आकारापेक्षा लहान असतात, तो आकार प्रयोगशाळा काढून देते. एक मिलिमीटरपेक्षा पातळ कापडाची छिद्रे या आकाराच्या एकपट ते अडीचपट असावीत. पाच मिलिमीटर वा अधिक जाडीच्या वेष्टनास पाचपटीपर्यंत चालते. मातीचा हा आकार १२० मायक्रॉन असेल, तर पातळ कापड ३०० मायक्रॉनपर्यंत व जाड वेष्टन ६०० मायक्रॉनपर्यंत घेता येईल. चोंदण्याची भीती लक्षात घेता छिद्रे वरच्या मर्यादेजवळची असावीत. त्याच किमतीत जाड वेष्टन मिळत असेल तर तेच पसंत करावे. त्याच्या पोटात पाण्यास अनेक वाटा असतात आणि एक बुजली तरी दुसरी उघडी राहते.

गोणपाट, जुनी लुगडी किंवा मच्छरदाणीचे कापड गुंडाळून पैसे वाचविण्याचा मोह कोणी धरू नये. गोणपाट ओल्या मातीत लवकरच कुजते, आणि मच्छरदाणीची जाळी बारीक पोयट्यास अडवीतच नाही. चांगले कापडही उन्हात महिनोन्‌महिने पडले तर त्याचे धागे ठिसूळ होतात. गुंडाळ्या सावलीत झाकून ठेवाव्यात आणि चरात उतरविताना ओढत नेऊ नयेत.

चोपण जमिनीत वेष्टन कितीही चांगले असले, तरी जिप्समावाचून काम पुरे होत नाही. माती परीक्षणानुसार ठरलेले जिप्सम क्षार धुण्यापूर्वी मातीत मिसळावे, नंतर नव्हे.

पाणी जाणार कोठे?

दिवसाला २ मिलिमीटर निचरा धरला तर एका हेक्टरातून रोज २०,००० लिटर खारे पाणी बाहेर पडते. मुख्य नळीचे तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर असले पाहिजे. पुरात ते बुडत असेल तर झडप बसवावी. ओढा गाळाने भरला असेल तर आधी तो साफ करावा लागतो, आणि हे एकट्याचे काम नाही. शिवाय वरच्याने सोडलेले पाणी खालचा शेतकरी उन्हाळ्यात इंजिनाने उचलून पिकास देत असेल, तर एकाचा रोग दुसऱ्याच्या शेतात जातो. म्हणून ओढ्याच्या दोन्ही काठच्या खातेदारांनी एकत्र बसून योजना आखणे इष्ट. तंटा बांधावर सुरू होण्यापूर्वी चावडीवर बोललेले बरे.

चर उन्हाळ्यात, माती कोरडी असताना खोदावा आणि नळीस एकसारखा ढाळ द्यावा. मध्ये खळगा राहिल्यास तेथेच गाळ बसतो. चर बुजविताना चिखल लोटू नये, वरची रवाळ माती प्रथम नळीवर घालावी. पहिल्या दोन पावसाळ्यांत दर पंधरवड्यास तोंडाजवळचे पाणी काचेच्या बाटलीत घेऊन ठेवावे. आरंभी थोडा गाळ येणे स्वाभाविक आहे. तो महिन्यानंतरही तितकाच येत राहिला, तर कापड फाटले आहे किंवा सांधा निसटला आहे असे समजावे आणि तपासणी हौदांतून वरून खाली पाहत जावे. ज्या हौदात पाणी पहिल्यांदा गढूळ दिसेल, त्याच्या वरच्या भागातच दोष सापडतो.