टाकीचे घाव

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांत अनेक गावे वसली आहेत. तेथील जुन्या घरांच्या पडवीत किंवा माजघराच्या कोपऱ्यात आजही एखादे दगडी जाते दिसते. पिठाची गिरणी गावात येण्यापूर्वी भाकरीचे तांदूळ आणि नाचणी त्यावरच दळली जात. जात्याच्या दोन्ही तळ्या आतून गुळगुळीत असत्या, तर दाणा त्यांच्यामधून नुसता घरंगळून बाहेर पडला असता. म्हणून पाथरवट टाकीने तळ्यांच्या आतल्या अंगाला बारीक खाचा पाडीत असे. त्या खाचांच्या धारांत दाणा अडके, भरडला जाई आणि त्याचे पीठ होई.

परंतु दाण्याला झिजवणारी खाच स्वतःही झिजते. जाते वापरून वापरून गुळगुळीत झाले, की पीठ जाडेभरडे पडू लागे आणि दळणारीचे हात भरून येत. मग जात्याला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावल्यावर घरची शहाणी बाई लगेच भाकरीचे पीठ दळीत नसे. आधी मूठभर कोंडा घालून ती जाते फिरवी. कारण नव्या धारांबरोबर दगडाची कचही पिठात उतरे. खाच जितकी नवी तितकी तिची पकड अधिक आणि तितकीच तिची झीजही अधिक, हे तिला अनुभवाने ठाऊक झालेले असे.

जात्याचा हा नियम एका अगदी निराळ्या ठिकाणीही लागू पडतो. ते ठिकाण म्हणजे गोल्फचे मैदान. मांडव्याच्या धक्क्यावरून लाँचने खाडीपलीकडच्या मुंबईस जाता येते. त्या मुंबईत, चेंबूर येथे, १९२७ साली स्थापन झालेला गोल्फ क्लब आहे. कलकत्त्याचा क्लब तर त्याहून पुष्कळ जुना, म्हणजे १८२९ सालचा. या खेळात एक लहानसा पांढरा चेंडू काठीने टोलवीत दूरच्या हिरवळीवरील लहानशा खळग्यात घालावयाचा असतो. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील, तो जिंकतो. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरांहून कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे.

गोल्फच्या काठ्या अनेक प्रकारच्या असतात. त्यांपैकी धातूच्या पात्याच्या काठीला ‘आयर्न’ म्हणतात. जिचे पाते मागे पुष्कळ कललेले असते, ती ‘वेज’. या पात्यांच्या तोंडावर एकमेकींस समांतर अशा आडव्या खाचा असतात. त्यांची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर. चेंडू आणि पाते यांची भेटही मोठी क्षणिक असते. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले, तर त्यातील सुमारे एक भाग इतकाच वेळ ती दोघे एकमेकांस चिकटून असतात. तेवढ्या अवधीत पाते चेंडूची साल पकडते आणि त्याला उलटी गिरकी देते. वेजने नीट मारलेला चेंडू मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरू शकतो. त्या गिरकीमुळेच तो हिरवळीवर पडताच फार न घरंगळता थांबतो. काठी आणि चेंडू यांच्यामध्ये ओले गवत आले, तर ही पकड सुटू पाहते. अशा वेळी मोटारीच्या टायरवरील चरांतून जसे पाणी निघून जाते, तसा गवताचा रस आणि पाणी या खाचांत शिरते, आणि पाते चेंडूला भिडते.

मात्र पकडीची किंमत चेंडूला मोजावी लागते. नव्या वेजने दोन-चार टोले मारलेला चेंडू हातात घेऊन पाहावा. त्याच्या सालीवर बारीक समांतर ओरखडे उठलेले असतात. कोठे सालीचा भुगा निघालेला असतो. त्यातील काही कण पात्याच्या खाचांतही अडकून राहतात. पुढे वाळूतून मारलेल्या टोल्यांनी पात्याच्या धारा बोथट होतात. मग चेंडूवरचे ओरखडे कमी होतात. पण ओल्या गवतातील पकडही कमी होते.

चेंडूची साल कशाची करावी, हा म्हणूनच कारागिरांपुढील जुना पेच आहे. मऊ साल पकड घेते, पण लवकर झिजते. कठीण साल टिकते, पण निसटते. १८४८ सालाच्या सुमारापूर्वी कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू करीत. त्यानंतर मलाया आणि आसपासच्या बेटांतील एका झाडाच्या चिकापासून तयार होणाऱ्या गटापर्चाचे चेंडू आले. हे चेंडू स्वस्त होते, सुबक होते आणि अगदी गुळगुळीत होते.

येथे एक नवल घडले. नवा कोरा गुळगुळीत चेंडू हवेत नीट तरंगेना. तो मध्येच खाली येई. उलट, लोखंडी काठ्यांचे टोले खाऊन खाऊन ज्याच्या अंगावर खाचा आणि चरे पडले होते, असा जुना चेंडू सरळ आणि दूर जाई. खेळाडूंच्या हे ध्यानी आले. मग कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खुणा ठोकू लागले. पुढे १९०५ साली इंग्लंडातील विल्यम टेलर यांनी चेंडूवर गोल खळगे पाडण्याच्या रचनेचे पेटंट मागितले. आजच्या गोल्फच्या चेंडूवर दिसणारे खळगे ते हेच.

याचे कारण असे. चेंडू वेगाने जात असता त्याच्या अंगालगत हवेचा एक पातळ थर असतो. गुळगुळीत चेंडूवरून तो थर लवकर सुटतो, आणि मागे भोवऱ्यांची रुंद पोकळी पडून चेंडू मागे ओढला जातो. खडबडीत अंगावर तो थर अधिक वेळ चिकटून राहतो. त्यामुळे मागची ओढ कमी होते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण त्या जखमी चेंडूने जणू खरी करून दाखविली.

तरी प्रत्येक घाव हितकारक असतो, असे मात्र नव्हे. गटापर्चानंतर आलेली बलाटाची मऊ साल चुकलेल्या टोल्याने कापली जाई, आणि तो चेंडू निकामी होई. १९६० नंतरच्या दशकात सर्लिन नावाचे कणखर कृत्रिम आवरण निघाले. ते सहसा कापले जात नसे, पण त्याला गिरकी कमी मिळे. अलीकडच्या युरेथेनच्या सालीने पकड आणि टिकाऊपणा यांचा बराचसा मेळ घातला आहे. खाचांवरही बंधन आले. २०१० सालापासून मोठ्या स्पर्धांत खाचांच्या धारा फार तीक्ष्ण असू नयेत, असा नियम लागू झाला. लांब गवतात चेंडू घालविणाऱ्यालाही धारदार खाचांच्या बळावर सहज सुटका मिळे. ती तशी मिळू नये, हा त्यामागील हेतू होता.

खेळाचा आणखी एक नियम मनन करण्याजोगा आहे. एखादा खळगा खेळत असता चेंडू कापला गेला किंवा त्याला तडा गेला, तर खेळाडू तो बदलू शकतो. परंतु चेंडू केवळ खरचटला असेल, किंवा त्याचा रंग उडाला असेल, तर त्याच चेंडूने तो खळगा पुरा करावा लागतो. ओरखडा वेगळा आणि तडा वेगळा, हे पारखण्याची नजर खेळाडूला असावी लागते.

ही नजर रायगडच्या किनाऱ्यावरील कोळ्यालाही लागते. आणि तेथे पैज खेळाची नसून प्राणाची असते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रावर जाण्यापूर्वी तो जाळी दुरुस्त करतो आणि नांगराचा दोर हातभर-हातभर तपासतो. होडीच्या काठावर घासून दोराला वरवर लव आली असेल, तर तो त्या जागी जुने फडके गुंडाळतो आणि दोर पुन्हा वापरतो. पण एखादा पेडच तुटलेला आढळला, तर तेवढ्या दोरावर तो भरवसा ठेवीत नाही. वादळी रात्री सारी होडी त्याच दोरावर उभी राहावयाची असते.

जेथे पकड आहे, तेथे झीज आहे. ती टाळता येत नाही. मात्र ती ओळखता येते. कोणता घाव सोसावा आणि कोणता वेळीच सांधावा, हे ज्याला कळले, त्याचे पीठ बारीक पडते, त्याचा चेंडू दूर जातो आणि त्याची होडी सुखरूप किनाऱ्यास लागते.

स्वाध्याय

१. टाकी लावल्यावर जात्यात आधी कोंडा का घालीत?
२. गोल्फच्या काठीवरील खाचांचे दोन उपयोग सांगा.
३. खरचटलेला जुना चेंडू नव्या चेंडूपेक्षा दूर का जाई?
४. ‘ओरखडा वेगळा आणि तडा वेगळा’ हे चेंडू आणि दोर या दोन्ही उदाहरणांनी स्पष्ट करा.
५. तुमच्या घरातील झिजलेली एक वस्तू नीट पाहा. ती कशाने व कोठे झिजली, हे आठ-दहा ओळींत लिहा.